उतारवयात कान वाजायचे वाढले तर काय करावं

कोणाच्या कानात रातकिडे ओरडतात, कोणाला कुकरची शिट्टी अडकून बसल्यासारखी वाटते, कोणाला ट्रान्सफॉर्मरखाली उभं असल्यासारखी गुणगुण ऐकू येते. बाहेर काहीच वाजत नसतं, तरी आत आवाज चालू असतो. वैद्य याला कर्णनाद म्हणतात, डॉक्टर टिनिटस. साठी-सत्तरीत हा त्रास पुष्कळांना असतो आणि बहुतेकांना त्याची सवयही झालेली असते. पण सवयीचा झालेला आवाज वाढू लागला की झोप उडते, मन धास्तावतं. हे मार्गदर्शन त्या वाढलेल्या आवाजासाठी, आणि मुख्यतः नाशिककरांसाठी आहे.

वयाबरोबर कानाच्या शंखातल्या बारीक केसपेशी झिजतात, आणि उंच पट्टीचे आवाज पकडणाऱ्या आधी. मेंदूकडे जाणारा आवाज कमी पडला की मेंदू आपला व्हॉल्यूम वाढवून तो शोधत बसतो. स्टेशन नीट न लागलेला रेडिओ मोठा केला की नुसती खरखर वाढते, तसं काहीसं. त्यात भीती मिसळली की मेंदू त्या खरखरीला धोक्याची घंटा समजतो आणि तिच्यावरून लक्ष हटवत नाही. म्हणून दारं-खिडक्या लावून शांत खोलीत पडून राहणं, जे बहुतेक जण आपणहून करतात, ते नेमकं उलट पडतं. कानाला सौम्य आवाज मिळत राहिला पाहिजे. पुढचे जवळजवळ सगळे उपाय यावरच उभे आहेत.

आधी धोक्याच्या खुणा तपासा

एका कानाने अचानक, म्हणजे तासाभरात किंवा दोन-तीन दिवसांत, ऐकू येणं कमी झालं आणि सोबत आवाज वाढला, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. ही कानाच्या नसेची तातडीची अवस्था असू शकते. त्यावर स्टेरॉइड देतात आणि ते जितक्या लवकर सुरू होईल तितका उपयोग जास्त. दोन आठवडे उलटल्यावर फारसं हाती लागत नाही. "सर्दीने कान बंद झाला असेल, आठवडाभर बघू" असं म्हणण्यात बऱ्याच जणांचे हे दिवस वाया जातात. मधुमेह असेल तर तो डॉक्टरांना आधीच सांगा, कारण स्टेरॉइडने साखर वाढते.

घरी एक सोपी चाचणी करता येते. तोंड मिटून "म्म्म" असा सूर धरा आणि तो कोणत्या कानात मोठा वाजतो ते पाहा. बंद वाटणाऱ्या कानात मोठा वाजला तर मळ किंवा पडद्यामागचं पाणी असण्याची शक्यता जास्त. चांगल्या कानाकडे सरकला तर नसेचा दोष असू शकतो आणि मग अजिबात थांबू नका. ही चाचणी अंदाजापुरती आहे. तिच्या भरवशावर घरी बसू नका, तिच्यामुळे घाई करावी लागली तर जरूर करा.

आवाज ठोक-ठोक असा येतो का, तेही बघा. मनगटावर नाडी धरा. आवाज नाडीच्या ठेक्याबरोबर पडत असेल तर तो साधा कर्णनाद नाही. रक्तदाब, रक्तक्षय, मानेतल्या किंवा कानाजवळच्या रक्तवाहिन्या तपासाव्या लागतात. फक्त एकाच कानातला आवाज, गरगरून येणारी चक्कर, तोंड एका बाजूला वाकडं होणं, कानातून पू किंवा रक्त, डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झालेला आवाज, या सगळ्यांसाठीही तज्ज्ञच हवेत. चेहरा वाकडा होण्याबरोबर बोलणं अडखळत असेल किंवा हात उचलत नसेल तर तो पक्षाघात समजा आणि १०८ ला फोन करा.

का वाढला, ते शोधा

यांपैकी काही नसेल, तर गेल्या महिन्याभरात काय बदललं ते कागदावर लिहून काढा. उत्तर बहुधा त्याच कागदावर सापडतं.

सगळ्यात साधं कारण म्हणजे मळ. उतारवयात तो कोरडा आणि घट्ट होतो, आणि श्रवणयंत्र लावणाऱ्यांचा आणखी आत ढकलला जातो. काडी, पिन, किल्ली, कापसाचा बोळा, काहीही कानात घालू नका. कान कोरून देणाऱ्या फिरत्या माणसांकडूनही साफ करून घेऊ नका. मळ मऊ करणारे थेंब केमिस्टकडे मिळतात. ते पाकिटावर किंवा डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात तीन ते पाच दिवस घालायचे. थेंब घातल्यावर पाच मिनिटं तो कान वर ठेवून कुशीवर पडून राहा. मळ भिजून फुगतो, त्यामुळे पहिल्या एक-दोन दिवसांत कान जास्तच बंद वाटतो आणि आवाजही वाढतो. घाबरू नका. नंतर दवाखान्यात जाऊन मळ काढून घ्या. पाण्याने कान धुणार असतील तर पाणी अंगाइतकं कोमट हवं, थंड किंवा गरम पाण्याने जागेवरच चक्कर येते. पडद्याला छिद्र असेल, पूर्वी कानाचं ऑपरेशन झालं असेल किंवा कान वाहत असेल, तर थेंबही नको आणि पाणीही नको.

लसूण घालून तापवलेलं तेल हा घरोघरचा उपाय. आजीने प्रेमाने केलेला असला तरी तो टाळा. तेल किती गरम आहे याचा अंदाज चुकला की कानाची नळी भाजते, आणि पावसाळ्यात तेलकट, ओलसर कानात बुरशी धरते.

दुसरं कारण औषधं. सांधेदुखीसाठी रोज घेतली जाणारी वेदनाशामकं, मोठ्या मात्रेतली ॲस्पिरिन, सूज उतरवण्यासाठीची फ्युरोसेमाइडसारखी लघवीची गोळी, जेंटामायसिन किंवा अमिकासिनची इंजेक्शनं, क्विनीन, कर्करोगावरचं सिस्प्लॅटिन, यांनी कान वाजू शकतात. सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा, नावं पाठ नसली तरी चालतात. मात्र हृदयासाठी दिलेली ७५ किंवा १५० मिलिग्रॅमची ॲस्पिरिन कानाच्या भीतीने स्वतःहून बंद करू नका. इतक्या छोट्या मात्रेने कान वाजण्याची शक्यता फार कमी आणि ती बंद करण्याचा धोका मोठा असतो.

तिसरं कारण जबडा आणि मान. दात घट्ट आवळून, मग जबडा पुढे काढून, मग मान दोन्हीकडे वळवून बघा. आवाजाची पट्टी किंवा जोर बदलत असेल तर कारणाचा काही भाग तिथे आहे. कवळी झिजलेली किंवा ढिली असेल तर चावताना जबडा वेडावाकडा बसतो. दंतवैद्याकडून ती नीट बसवून घ्या. मान आखडली असेल तर फिजिओथेरपीने फरक पडतो. रात्री दात खाण्याची सवय घरच्यांना विचारून बघा, आपली आपल्याला कळत नाही.

आणखी कारणं पटकन सांगतो. सर्दी-ताप, काही रात्री न झालेली झोप, घोरताना श्वास अडकणं, वाढलेला रक्तदाब, थायरॉइड, कमी झालेलं हिमोग्लोबिन. निवृत्तीनंतर किंवा जोडीदार गेल्यावर घर एकदम शांत होतं, तेव्हाही आवाज पुढे येतो. तो खरोखर वाढलेला असतोच असं नाही, त्याला झाकणारं काही उरलेलं नसतं.

तपासणी कुठे आणि कोणती

नाशिकमध्ये त्र्यंबक रोडवरचं जिल्हा रुग्णालय आणि आडगावचं मराठा विद्या प्रसारक समाजाचं मेडिकल कॉलेज ही दोन मोठी ठिकाणं. जाण्याआधी फोन करून श्रवण तपासणी कोणत्या वारी असते ते विचारून घ्या, म्हणजे दोन खेपा पडत नाहीत. गुंतागुंतीची केस असेल तर मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था फक्त ऐकण्या-बोलण्याच्या दोषांसाठी आहे. नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेसने दादर, तिथून लोकलने वांद्रे.

ऑडिओमेट्री, म्हणजे यंत्रावरची श्रवण तपासणी, सांगितली की ती नीट ध्वनिबंद खोलीत होते ना ते बघा. चष्म्याच्या दुकानात किंवा मोकळ्या हॉलमध्ये घेतलेल्या चाचणीवर श्रवणयंत्र घेऊ नका. तपासणारी व्यक्ती बीएएसएलपी (ऐकण्या-बोलण्याच्या दोषांवरची पदवी) किंवा त्यापुढचं शिकलेली आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेली असावी. नोंदणी क्रमांक विचारण्यात गैर काही नाही. आलेखात २५० ते ८००० हर्ट्झपर्यंत प्रत्येक पट्टीला किती डेसिबलवर ऐकू आलं ते असतं. ढोबळमानाने २५ डेसिबलपर्यंत ठीक, ४० पर्यंत सौम्य दोष, त्यापुढे मध्यम. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत, नाशिकरोडच्या छापखान्यांत, ओझरच्या विमान कारखान्यात किंवा जुन्या नाशकातल्या तांबटांच्या ठोकाठोकीत आयुष्य गेलेल्यांच्या आलेखात ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा दिसतो. म्हणून आवाजाच्या कामात किती वर्षं काढली ते न विचारताही सांगा. दोन्ही कानांच्या आलेखात मोठा फरक असेल तर एमआरआय सांगतात. नसेवर गाठ नाही ना, एवढं पाहायला. बहुतेकदा नसते.

जाताना दोन आठवड्यांची नोंद न्या. रोज रात्री दोन आकडे लिहा: आवाज किती मोठा, ० ते १०, आणि त्याने त्रास किती झाला, ० ते १०. दोन्ही वेगळे ठेवा. आवाज ७ आणि त्रास ३ असलेल्या माणसाला वेगळी मदत लागते, आवाज ४ आणि त्रास ९ असलेल्याला वेगळी. आणि उपायांनी आधी खाली येतो तो दुसरा आकडा. पहिला हलत नाही म्हणून उपाय सोडू नका. दिवसभर मात्र आवाज मोजत बसू नका. सतत कानोसा घेतल्याने तो वाढतो.

श्रवणयंत्र

ऐकू कमी येत असेल तर कर्णनादावरचा पहिला उपाय यंत्रच. बाहेरचे आवाज पुन्हा आत गेले की मेंदूला स्वतःचा व्हॉल्यूम चढवावा लागत नाही. दोष दोन्ही कानांत असेल तर यंत्रंही दोन्हीकडे हवीत. घेताना "कान वाजतात" हे स्पष्ट सांगा. बऱ्याच डिजिटल यंत्रांत त्यासाठी मंद सरसर आवाजाचा वेगळा प्रोग्रॅम असतो. फक्त वरची पट्टी गेली असेल तर कान पूर्ण बंद न करणारं, बारीक वायरचं यंत्र मागा. कान बुजला की आतला आवाज मोठा वाटतो आणि स्वतःचं बोलणं माठात बोलल्यासारखं घुमतं.

ऑनलाइन मिळणारे स्वस्त "आवाज वाढवणारे" डबे घेऊ नका. तुमचा आलेख बघून ते बसवलेले नसतात. जिथे ऐकू येतं तिथेही आवाज चढवतात. भांड्यांचा खणखणाट सहन होत नाही आणि यंत्र कपाटात जातं.

पहिल्या दिवशी घरात दोन तास लावा, मग रोज तासभर वाढवत आठ तासांपर्यंत न्या. पहिले आठ-दहा दिवस पंखा, नळ, वर्तमानपत्राची सळसळ सगळं कर्कश वाटेल. सहा-आठ आठवडे द्या आणि मधे दोनदा तरी जाऊन सेटिंग बदलून घ्या. कर्णनादावरचा फरक त्यानंतर कळतो. यंत्र फक्त पाहुणे आल्यावर लावणाऱ्याला तो कधीच कळत नाही.

बटणासारख्या झिंक-एअर सेलवरचं कागदी लेबल काढल्यावर एक-दोन मिनिटं तसंच ठेवा, मग बसवा. हवा आत गेल्याशिवाय सेलला जोर येत नाही. लेबलचा रंग लक्षात ठेवा: पिवळा १०, तपकिरी ३१२, केशरी १३, निळा ६७५ नंबर. जून ते सप्टेंबर यंत्र रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवा, सेलचं दार उघडं ठेवून. पावसाळ्यात यंत्रं बिघडतात ती मुख्यतः घाम आणि दमटपणामुळे. आणि कधी एका कानातला आवाज अचानक वाढला, तर आधी त्या बाजूचा सेल संपलाय का आणि टोकाची जाळी मळाने बुजली आहे का, ते बघा.

पैशाची अडचण असेल तर दोन योजना आहेत. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरजू ज्येष्ठांना तपासणी शिबिरातून श्रवणयंत्र मिळतं. राज्याच्या २०२४ पासूनच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्यांना ३००० रुपये एकदाच बँक खात्यात मिळतात. त्यात चांगलं यंत्र येत नाही, पण सेल आणि दुरुस्तीचा भार हलका होतो. चौकशी समाजकल्याण कार्यालयात करा.

रात्रीची व्यवस्था

नाशिकमध्ये कर्णनादाच्या तक्रारी थंडीत वाढल्यासारख्या वाटतात, त्यामागे एक साधी गोष्ट आहे. पावसाळ्यात पत्र्यावर सरी पडत असतात, उन्हाळ्यात पंखा-कूलर चालू असतो. दिवाळीनंतर पंखे बंद होतात, खिडक्या लागतात आणि घर निःशब्द होतं. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारीसाठी वेगळी सोय करा. टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून कमी वेगावर लावा: आवाज मिळतो, वारा लागत नाही. किंवा फोनला छोटा स्पीकर जोडून डोक्यापासून तीन-चार फुटांवर ठेवा.

आवाज किती ठेवायचा, इथेच बहुतेकांची चूक होते. कानातला आवाज पूर्ण बुडवायचा नसतो. आधी बाहेरचा आवाज अगदी बारीक करा, मग हळूहळू वाढवा, आणि दोन्ही एकमेकांत मिसळल्यासारखे वाटू लागले की तिथेच, किंचित अलीकडे, थांबा. आतला आवाज थोडा ऐकू येत राहिला तरच मेंदू त्याला सरावतो. पूर्ण झाकला की बंद करताक्षणी तो दुप्पट भासतो. अर्ध्या तासाचा टायमरही नको. आवाज थांबला की जाग येते. रात्रभर मंद चालू दे.

ध्वनिमुद्रण निवडताना ते किमान तासाभराचं घ्या. अर्ध्या मिनिटाचा तुकडा फिरवलेला असेल तर मेंदू तो सांधा पकडतो आणि त्याचीच वाट बघत बसतो. व्हिडिओवरून लावू नका, रात्री दोन वाजता जाहिरात किंचाळते. फाइल आधी उतरवून घ्या आणि फोन विमान मोडवर टाका. शिट्टीसारख्या उंच आवाजाला पावसाची सरसर जुळते, घुमणाऱ्या आवाजाला पंखा. प्रोस्टेटचा त्रास असेल आणि पाण्याच्या आवाजाने सारखं लघवीला उठावं लागत असेल तर पाऊस-धबधबा सोडून पंखाच लावा. गाणी आणि बातम्या रात्रीसाठी चांगल्या नाहीत, मन शब्दांमागे जातं. जोडीदाराची झोपमोड होत असेल तर उशीखाली ठेवायचा चपटा स्पीकर मिळतो. वीज जाते त्या भागात चार्ज होणारा स्पीकर ठेवा, नाहीतर पंखा थांबला की अंधारात आवाज एकदम अंगावर येतो.

उठायची वेळ रोज एकच ठेवा, झोप झाली नसली तरी. दुपारची वामकुक्षी तीनच्या आत आणि अर्ध्या तासाच्या आत. अंथरुणात अंदाजे वीस मिनिटं झोप आली नाही तर उठून मंद दिव्यात खुर्चीत बसा, डोळ्यांवर पेंग आली की परत या. झोपेच्या गोळ्यांची सवय लागते, आणि या वयात त्या खाऊन रात्री बाथरूमला जाताना पडणं, खुब्याचं हाड मोडणं, हे खरे धोके आहेत.

आवाज उसळतो त्या दिवशी

चांगला आटोक्यात असलेला आवाजही मधूनच उसळतो. धोक्याच्या खुणा नसतील तर बहुतेकदा तो काही दिवसांत खाली येतो. त्या दिवसासाठीची कामं आधीच एका कार्डावर लिहून फ्रिजवर लावा, कारण घाबरलेल्या अवस्थेत काही सुचत नाही. खोलीत मंद आवाज सुरू करायचा. खुर्चीत बसून चार मोजत श्वास घ्यायचा, सहा मोजत सोडायचा, दहा मिनिटं. मग हाताला काम द्यायचं: भाजी निवडणं, कुंड्यांना पाणी, किंवा गोल्फ क्लब मैदानावर एक फेरी. इंटरनेटवर शोधत बसायचं नाही. भ्रामरी करत असाल तर जरूर करा, पण कान बोटांनी दाबून बंद करू नका. गुंजन थांबल्यावर बंद कानात आतला आवाजच मोठा वाटतो. दोन आठवड्यांत उतरला नाही तर पुन्हा तपासणी करून घ्या.

बाहेरचा मोठा आवाज

नाशिक ढोल अंगात भिनलेला असतो हे खरं, पण पथकाच्या पुढ्यात किंवा डीजेच्या भिंतीजवळ उभं राहून उरलेल्या केसपेशी घालवू नका. ८५ डेसिबलला आठ तासांची मर्यादा मानतात, आणि दर ३ डेसिबलला ती निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. मिरवणुका आणि रंगपंचमीच्या रहाडीला (रंगाच्या पाण्याच्या हौदावरच्या गर्दीत) फोमचे इअरप्लग खिशात ठेवा. प्लग बोटांत पिळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढा, प्लग आत सारा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. नुसता तोंडाशी ठेवलेला प्लग काही अडवत नाही. घरी आल्यावर लगेच काढा. मिक्सर, कुकर, रिक्षा यांच्यासाठी दिवसभर प्लग घालून राहिलात तर कान हळवे होतात, मग साधे आवाजही टोचू लागतात.

औषधं आणि मन

कर्णनाद बरा करणारी गोळी आज नाही. जिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क), झिंक, महागडी "नसेची" पूरकं यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशी पूरकं देऊ नयेत असंच म्हटलं आहे. बी-१२ तपासणीत कमी आलं तर ते घ्यावं, कारण कमतरता भरून काढणं तसंही गरजेचं आहे. चहा एकदम तोडू नका. त्याने डोकं दुखतं आणि कानाला फायदा होतोच असं नाही. चक्कर आणि कान भरून येणं यांसोबतचा मेनिएर आजार असेल तेव्हाच मिठावर नियंत्रण कामी येतं. तंबाखू आणि मशेरी मात्र सोडा.

त्रासाचा आकडा खाली आणण्यात सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो विचार-वर्तन उपचाराचा, म्हणजे सीबीटीचा. "हा आवाज मला वेडं करणार" असा विचार पकडायचा, तो लिहायचा आणि समोर खरं काय ते लिहायचं: "हा आवाज कानाच्या झिजेमुळे आहे, काल संध्याकाळी नातवाशी खेळताना तासभर जाणवलाही नाही." मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणं म्हणजे आवाज मनाचा खेळ आहे असं मान्य करणं नव्हे. आवाज खराच असतो. जगणं नकोसं वाटण्यापर्यंत गोष्ट गेली असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर कोणत्याही वेळी मोफत बोलता येतं. हा क्रमांक घरातल्या दुसऱ्या कोणाकडेही असू द्या.

काही आजी-आजोबांना शिट्टीऐवजी भजन, हरिपाठ, जुनी गाणी ऐकू येतात, शेजारी कोणी रेडिओ लावल्यासारखी. सुना-मुलांना सांगायला ते लाजतात. ऐकू कमी येणाऱ्या कानांत असं होतं, ते वेड नव्हे, आणि यंत्र लावल्यावर बहुतेकदा कमी होतं. आवाज मात्र बोलू लागले, हुकूम देऊ लागले किंवा धमकावू लागले, तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा.

घरच्यांसाठी

स्वयंपाकघरातून ओरडू नका. समोर या, चेहऱ्यावर उजेड असू द्या, टीव्ही बंद करा आणि नेहमीच्या आवाजात सावकाश बोला. ओरडल्याने खालची पट्टी मोठी होते, पण स, श, फ, थ ही उंच पट्टीची अक्षरं तशीच निसटतात. "अप्पा, ऐकताय का?" असं आधी नाव घेऊन लक्ष वेधा, मग मुद्दा सांगा. कळलं नाही तर तेच वाक्य मोठ्याने न बोलता वेगळ्या शब्दांत सांगा. दवाखाना किंवा बँकेसारख्या ठिकाणी फोनवर लाइव्ह ट्रान्सक्राइब हे ॲप सुरू करून भाषा मराठी निवडा, समोरच्याचं बोलणं पडद्यावर अक्षरांत उमटतं. अक्षरं मोठी करून, ॲप पहिल्याच पानावर आणून ठेवायचं काम घरातल्या तरुणांनी करून द्यावं.